एक ॲड-इन, पाच रेव्हिट

रेव्हिट या इमारतींची मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरची फाइल एकदा नव्या आवृत्तीत सेव्ह झाली की जुन्या आवृत्तीत उघडत नाही. परतीची वाटच नाही. रेव्हिट बनवणारी ऑटोडेस्क दरवर्षी नवी आवृत्ती काढते, पण चालू प्रकल्प मध्येच वर न्यायचा तर आर्किटेक्ट, स्ट्रक्चरवाले, एमईपीवाले (वीज, पाणी, वातानुकूलन पाहणारे) अशा सगळ्यांना एकाच दिवशी वर जावं लागतं. एवढी उठाठेव सहसा कोणी करत नाही. प्रकल्प ज्या आवृत्तीत सुरू झाला त्याच आवृत्तीत संपतो, आणि इमारतीचं काम काही वर्षं सहज चालतं. म्हणून एकाच संगणकावर रेव्हिट २०२२, २०२३ आणि २०२५ शेजारी शेजारी नांदताना दिसतात, आणि रेव्हिटला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, म्हणजे ॲड-इन, विकणाऱ्याला ‘फक्त ताज्या आवृत्तीवर चालेल’ असं म्हणायची सोय उरत नाही.

पुढचं प्रकरण अशाच एका ॲड-इनचं आहे. त्यातली टीम नमुन्यादाखल उभी केली आहे. रेव्हिटमधले आणि ॲड-इन ज्यावर चालतं त्या मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमधले बदल मात्र प्रत्यक्ष झालेले आहेत आणि या धंद्यातल्या कोणालाही ते चुकलेले नाहीत.

ॲड-इनचं काम सोपं. मॉडेलमधल्या खोल्यांची नावं, क्रमांक, क्षेत्रफळ आणि फिनिश वाचायचे, मागच्या वेळी ड्रॉइंग पाठवली तेव्हापासून काय बदललं ते दाखवायचं, आणि यादी एक्सेलमध्ये उघडता येणाऱ्या सीएसव्ही फाइलीत काढून द्यायची. ‘मागच्या वेळी’ म्हणजे काय हे लक्षात ठेवण्यासाठी प्रत्येक खोलीच्या मजकुराचा एक छोटा हॅश (मजकुरावरून काढलेला, ठशासारखा आकडा) मॉडेलच्या आतच, ॲड-इनना माहिती ठेवायला असलेल्या एक्स्टेन्सिबल स्टोरेजमध्ये, ठेवला जाई. वापरकर्त्याने ‘बेसलाइन घ्या’ म्हटलं की सगळ्या खोल्यांचे हॅश नव्याने लिहिले जायचे. पुढच्या वेळी हॅश जुळला नाही की ती खोली लाल.

टीममध्ये दोन डेव्हलपर आणि सपोर्टचे मेल पाहणारी एक व्यक्ती. आधार द्यायच्या आवृत्त्या पाच, २०२१ ते २०२५. सुरुवातीची रचना बहुतेक लोक करतात तीच होती: प्रत्येक आवृत्तीला, कोड सांभाळणाऱ्या गिटमध्ये, एक ब्रँच म्हणजे कोडची वेगळी शाखा. नवी आवृत्ती आली की मागच्या वर्षीच्या ब्रँचवरून नवी काढायची, कोडखाली लाल रेषेने दिसणाऱ्या चुका दुरुस्त करायच्या, बिल्ड करायचं. दोन आवृत्त्यांपर्यंत हे बरं चालतं. नंतर एक बग दुरुस्त केला की तो पाच ठिकाणी न्यायचा, त्यातल्या दोन ठिकाणी कॉन्फ्लिक्ट, एका ठिकाणी विसरलेला. २०२२ मध्ये बंद केलेला बग २०२३ मध्ये पुन्हा भेटतो, आणि तो नवा आहे की जुनाच हे शोधण्यात दुपार जाते.

दुसरा मार्ग काही जण सुचवतात: सर्वांत जुन्या एपीआयवर (ॲड-इनने रेव्हिटशी बोलायच्या सोयीवर) एकदाच बिल्ड करा आणि तीच डीएलएल, म्हणजे तयार कोडची फाइल, सगळीकडे टाका. हा मार्ग दिसतो तितका वेडगळ नाही, कारण पुष्कळदा तो खरंच चालतो. रेव्हिट एपीआयमध्ये एखादी गोष्ट आधी ‘जुनी’ म्हणून जाहीर होते आणि बहुधा पुढच्या किंवा त्यापुढच्या आवृत्तीत काढली जाते. तोपर्यंत जुनी डीएलएल गुण्यागोविंदाने चालते. अडचण चालेनाशी होते तेव्हा येते. डॉटनेट एखादी मेथड (कोडचा नाव दिलेला तुकडा) पहिल्यांदा बोलावली जाते तेव्हाच तिचं मशीन कोड बनवतं. त्या मेथडच्या आत होस्टमधून, म्हणजे रेव्हिटमधून, नाहीशा झालेल्या टाइपचा उल्लेख असेल, तर ॲड-इन व्यवस्थित लोड होतं, रिबनवर बटणं येतात, आणि त्या एका बटणावर कोणी क्लिक केलं की एरर येतो. शिवाय त्याच मेथडमध्ये एरर पकडणारा ट्राय-कॅच लावला असेल तर त्याचा उपयोग शून्य, कारण मेथडचं अंग सुरू होण्याआधीच सगळं कोसळलेलं असतं. तो एरर पकडता येतो फक्त बोलावणाऱ्या मेथडमध्ये. म्हणजे चाचणीत जे बटण दाबायचं राहिलं, ते ग्राहक दाबतो.

टीमने तिसरा मार्ग धरला. एकच ब्रँच, एकच सोर्स, आणि पाच बिल्ड कॉन्फिगरेशन. २०२१ ते २०२४ ही जुन्या डॉटनेट फ्रेमवर्क ४.८ वर, २०२५ नव्या डॉटनेट ८ वर. प्रत्येक कॉन्फिगरेशन त्या-त्या आवृत्तीच्या एपीआय डीएलएलचा संदर्भ घेतं, आणि त्या डीएलएल आपल्या फोल्डरात कॉपी करायच्या नाहीत हे सेटिंग प्रत्येक ठिकाणी तपासलेलं असतं. होस्टला हात लावणारा सगळा कोड एका प्रोजेक्टमध्ये, ‘अडॅप्टर’ नावाने. आवृत्तीनुसार कोड बदलणारे सशर्त डायरेक्टिव्ह फक्त तिथेच. ते दुसरीकडे कुठे दिसले तर बिल्डच नापास. हा नियम जाचक वाटतो, पण त्याशिवाय सहा महिन्यांत सगळ्या फाइली चाळण होतात. उरलेला भाग, म्हणजे तुलना, हॅश, सीएसव्ही, सेटिंग, हा गाभा: डॉटनेट स्टँडर्ड २.० ची लायब्ररी. तिला रेव्हिट माहीतच नाही आणि ती दोन्ही रनटाइमवर, म्हणजे कोड चालवणाऱ्या जुन्या आणि नव्या डॉटनेटवर, चालते.

या रचनेत एपीआयमधले बदल जवळजवळ फुकटात निस्तरले. रेव्हिट आतून लांबी फुटांत ठेवतं. ती मिलिमीटरमध्ये न्यायला पूर्वी डिस्प्लेयुनिटटाइप हा एनम (ठरलेल्या पर्यायांची यादी) लागे. रेव्हिट २०२१ मध्ये त्याच्या जागी फोर्जटाइपआयडीची पद्धत आली आणि २०२२ मध्ये जुना एनम गेला. पॅरामीटरचे प्रकार आणि गट सांगणाऱ्या एनमचंही पुढच्या काही आवृत्त्यांत तेच झालं. अडॅप्टरमध्ये एकेक छोटी मेथड, दोन फांद्या, विषय संपला.

एलिमेंटआयडीच्या बाबतीत टीमने घेतलेला निर्णय मला विशेष पटला. २०२४ च्या आवृत्तीत रेव्हिटने घटकांचे आयडी ३२ बिटांवरून ६४ बिटांवर नेले. जुनी इंटिजरव्हॅल्यू प्रॉपर्टी तेव्हा लगेच गेली नाही, फक्त कोड तपासून बिल्ड करणारा कंपाइलर इशारा देऊ लागला. इशारा दाबून टाकणं एका ओळीचं काम होतं. टीमने उलट केलं: गाभ्याच्या लायब्ररीत सगळीकडे आयडी ६४ बिटांचा केला, आणि २०२१ ते २०२३ च्या अडॅप्टरमध्ये जुनी ३२ बिटांची संख्या रुंद करून दिली. होस्टचं सर्वांत नवं रूप हेच आपलं रूप मानायचं आणि जुन्या आवृत्त्यांना त्याच्या पातळीवर उचलून आणायचं. असं केलं की एखादी जुनी आवृत्ती सोडताना अडॅप्टरमधली एक फांदी कापून टाकता येते, गाभ्याला हात लावावा लागत नाही. जुन्याला प्रमाण मानलं तर दरवर्षी नवीच फांदी वाढते.

इथवर सगळं कंपाइलर सांगत होता. २०२५ चं बिल्ड हिरवं झालं, रेव्हिट २०२५ मध्ये प्रत्येक बटण दाबून पाहिलं, आणि रिलीज गेलं.

पहिली तक्रार किरकोळ होती. मदतीचं बटण ब्राउझर उघडण्याऐवजी एरर देत होतं. डॉटनेट फ्रेमवर्कमध्ये प्रोसेस.स्टार्टला वेब पत्ता दिला तर तो शेलकडून उघडला जाई. नव्या डॉटनेटमध्ये शेल वापरण्याची मुभा मुळात बंद असते, ती मागावी लागते. बटण दाबून पाहिलं होतं ना? बाकीची सगळी पाहिली होती. मदत कोण दाबतं!

दुसरी सीएसव्हीची. खोल्यांच्या नावांतली उच्चारचिन्हं असलेली अक्षरं एक्सेलमध्ये चिंध्या होऊन येत होती. लिहिताना कोडने ‘एन्कोडिंग.डिफॉल्ट’ म्हटलं होतं. जुन्या फ्रेमवर्कमध्ये त्याचा अर्थ विंडोजची स्थानिक कोड पेज, नव्यात यूटीएफ-८, तेही फाइल यूटीएफ-८ आहे हे सांगणाऱ्या सुरुवातीच्या खुणेशिवाय. ओळ तीच, अर्थ दुसरा. सगळ्या पाच बिल्डमध्ये खुणेसहित यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहून हे मिटलं.

तिसऱ्या तक्रारीने मात्र टीमला घाम फोडला. मॉडेल २०२५ मध्ये उघडलं की सगळ्या खोल्या लाल. पहिल्या ग्राहकाला सपोर्टने उत्तर दिलं की फाइल नुकतीच अपग्रेड झाली आहे, एकदा नवी बेसलाइन घ्या. उत्तर चुकीचं वाटण्यासारखं नव्हतं. ग्राहकाने बेसलाइन घेतली, एक खोली बदलली, तेवढीच लाल झाली. मेल बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सगळं लाल.

डेव्हलपरला हे काही केल्या दिसेना. बेसलाइन घ्या, खोली बदला, तुलना करा: प्रत्येक वेळी बरोबर. फाइल बंद करून पुन्हा उघडा: तरीही बरोबर. फरक एवढाच होता की ग्राहक संध्याकाळी रेव्हिट बंद करून घरी जात होता आणि डेव्हलपर ते दिवसभर उघडं ठेवत होता. रेव्हिट बंद करून पुन्हा सुरू केलं, आणि सगळं लाल.

कारण हॅशमध्ये होतं. तो बनवला होता स्ट्रिंगच्या गेटहॅशकोड या तयार मेथडने. जुन्या फ्रेमवर्कमध्ये, खास सेटिंग केलं नसेल तर, तीच अक्षरं तोच आकडा देत; कालही, आजही, दुसऱ्या संगणकावरही. डॉटनेट कोअरपासून, म्हणजे नव्या डॉटनेटमध्ये, हा हॅश प्रत्येक प्रोसेससाठी यादृच्छिक बीज घेऊन निघतो, मुद्दाम, हॅश टेबलवरचे हल्ले टाळण्यासाठी. एका सत्रात तो स्थिर असतो, पुढच्या सत्रात वेगळा. मायक्रोसॉफ्टच्या दस्तऐवजांत हा आकडा साठवून ठेवू नका असं आधीपासूनच लिहिलेलं आहे. पण जे वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतं, त्याचे दस्तऐवज पुन्हा कोण वाचतं? आणि कंपाइलरने इथे साधा इशाराही दिला नाही. देणार कसा? मेथड आहे, तिची मांडणी तीच आहे, परत येणारा प्रकारही तोच.

वाईट म्हणजे हा कोड अडॅप्टरमध्ये नव्हता. तो गाभ्याच्या लायब्ररीत होता, जी एकदाच बिल्ड होते आणि दोन्हीकडे तशीच जाते, आणि म्हणून जिच्याकडे ‘आवृत्तीचा प्रश्न इथे नाही’ अशा नजरेने पाहिलं जात होतं. डॉटनेट स्टँडर्डची लायब्ररी दोन्ही रनटाइमवर चालते, याचा अर्थ ती दोन्हीकडे सारखी वागते असा होत नाही. वागणूक ठरवतो खालचा रनटाइम. तिच्या युनिट टेस्ट होत्या, हॅशच्याही होत्या, पण त्या एकाच प्रोसेसमध्ये हॅश दोनदा काढून ताडून पाहत. तशी टेस्ट कधीच पडणार नाही.

उपाय वरवर सोपा: एसएचए-२५६ ही सगळीकडे तेच उत्तर देणारी हॅशची रीत वापरा. तो लावताना आणखी एक गोष्ट निघाली. हॅशमध्ये जाणाऱ्या मजकुरात क्षेत्रफळ होतं, साध्या टूस्ट्रिंगने अक्षरांत आणलेलं. जुनं फ्रेमवर्क दशांश संख्या १५ अंकांपर्यंत लिहितं. डॉटनेट कोअर ३.० पासून तीच संख्या पुन्हा वाचली तर तंतोतंत तीच मिळेल इतके अंक लिहिले जातात. ०.१ आणि ०.२ ची बेरीज जुन्यात ०.३ अशी छापली जाते, नव्यात शेपटीसह १७ अंकांत. म्हणजे हॅश कितीही भक्कम असला तरी त्याला मिळणारा मजकूरच दोन रनटाइमवर वेगळा. शेवटी क्षेत्रफळ ठरलेल्या एककात, ठरलेल्या दशांशांपर्यंत, संगणकाच्या भाषेच्या सेटिंगशी संबंध न ठेवता लिहायचं ठरलं.

मग प्रश्न उरला जुन्या बेसलाइनचा, आणि हे प्रकरण खरं तर इथे सुरू होतं.

रेव्हिटमध्ये एक्स्टेन्सिबल स्टोरेजचा स्कीमा, म्हणजे माहितीची रचना, एकदा नोंदला गेला की बदलता येत नाही. त्याच ओळखक्रमांकाने वेगळ्या रचनेचा स्कीमा आणला तर होस्ट नाकारतं. म्हणून नवा ओळखक्रमांक, नवा स्कीमा, आणि त्यात या वेळी आवृत्तीचा आकडा ठेवायला एक फील्ड. जुन्या स्कीमातल्या माहितीचं काय, यावर दोन डेव्हलपरांची मतं वेगळी होती. एकाचं म्हणणं: जुनी टाका, ग्राहक नवी बेसलाइन घेतील. दुसऱ्याचं: ड्रॉइंग पाठवल्यानंतरचे बदल दाखवणं हेच या ॲड-इनचं काम, ते तेवढ्या काळापुरतं पुसलं गेलं तर ग्राहकाला आपली गरज काय?

दुसरं मत टिकलं, आणि ते पाळता आलं ते एका सोयीमुळे. डॉटनेट फ्रेमवर्कचा सोर्स संदर्भासाठी जाहीर आहे. ६४ बिटांच्या प्रोसेसमध्ये निघणाऱ्या जुन्या हॅशचं गणित त्यात आहे आणि ते जेमतेम वीसेक ओळींचं आहे. टीमने ते आपल्या लायब्ररीत लिहून घेतलं, सोबत क्षेत्रफळ १५ अंकांत लिहिण्याची जुनी रीतही. २०२५ मध्ये मॉडेल उघडलं, नवा स्कीमा सापडला नाही आणि जुना सापडला, तर जुन्या रीतीने तुलना करायची. जी खोली जुळली तिचा नवा हॅश लिहायचा. जी जुळली नाही ती खरोखर बदललेली. त्याच वेळी २०२१ ते २०२४ च्या बिल्डमध्येही नवा हॅश लिहायला सुरुवात केली, म्हणजे पुढे अपग्रेड होणाऱ्या फाइली आधीच तयार होऊन येतील.

ज्यांनी २०२५ मध्ये मधल्या काळात बेसलाइन घेतली होती त्यांचे आकडे यादृच्छिक होते. ते परत मिळवायचा मार्ग नाही. त्यांच्यासाठी टीमने एक ठोकताळा लावला: मॉडेलमधली एकही खोली जुळत नसेल तर सगळं लाल दाखवायचं नाही, ‘ही बेसलाइन वापरण्याजोगी नाही’ असं सरळ सांगायचं. एकही खोली न जुळणं प्रत्यक्षात जवळपास अशक्य असतं. मला हा भाग दुरुस्तीपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. चुकीचं लाल एकदा दिसलं की माणूस बरोबर लालवरही विश्वास ठेवत नाही.

यात एक गाठ होती जी कागदावर दिसली नव्हती. रेव्हिटची फाइल पुढेच जाते, मागे येत नाही. तेव्हा २०२५ ने लिहिलेलं २०२३ ला वाचावं लागणार नाही, असं टीमने गृहीत धरलं होतं. होस्टपुरतं ते खरं. पण एकाच २०२३ च्या सामायिक मॉडेलवर सहा जण काम करतात, आणि सहाही जणांनी ॲड-इन अपडेट केलेलं असेलच असं नाही. एकाकडे नवं ॲड-इन, दुसऱ्याकडे मागच्या वर्षीचं, फाइल एकच. नव्याने जुना स्कीमा काढून टाकला तर जुनं ॲड-इन म्हणणार, बेसलाइनच नाही. आवृत्त्यांचं कोष्टक एका दिशेचं नव्हतंच: एका बाजूला होस्टच्या आवृत्त्या, दुसऱ्या बाजूला आपल्याच. म्हणून २०२१ ते २०२४ च्या बिल्डमध्ये दोन्ही स्कीमा लिहायचं ठरलं. जुना हॅशही आता आपल्या वीस ओळींमधून निघतो, रनटाइमच्या मेथडवर कोणी अवलंबून नाही.

सेटिंगच्या फाइलचंही हेच. ती वापरकर्त्याच्या प्रोफाइलमध्ये, जेसनमध्ये, पाचही रेव्हिटना मिळून एक. नवं ॲड-इन तिच्यात एक नवं फील्ड लिहिणार, मग त्याच संगणकावर अजून अपडेट न झालेलं २०२२ चं ॲड-इन ती वाचून पुन्हा लिहिणार आणि अनोळखी फील्ड गाळणार. आता वाचणारा कोड अनोळखी फील्ड जशीच्या तशी परत लिहितो. हे आधीपासून असतं तर बरं झालं असतं. आता निदान यापुढच्या आवृत्त्यांना तरी लाभ.

चाचण्यांचा भाग त्रासदायक आहे आणि तसाच राहणार. रेव्हिटचा एपीआय रेव्हिट चालू असल्याशिवाय चालत नाही, त्यामुळे अडॅप्टर तपासायला प्रत्येक आवृत्ती बसवलेली मशीन लागते. गाभ्याच्या टेस्ट आता ४.८ आणि ८ या दोन्ही रनटाइमवर चालतात, आणि अपेक्षित उत्तरं टेस्टमध्ये काढली जात नाहीत: ४.८ वर एकदा काढलेली यादी फाइलमध्ये ठेवली आहे आणि ८ ने तीच द्यायची. डिस्कवर किंवा मॉडेलमध्ये जाणारी प्रत्येक गोष्ट अशा यादीत आहे. पडद्यावर दिसून विरून जाणाऱ्या गोष्टींसाठी एवढा खटाटोप केलेला नाही, आणि ते योग्यच.

२०२६ चं बिल्ड याच रचनेवर उभं राहिलं. इंटिजरव्हॅल्यू त्या आवृत्तीत गेली, पण ती वापरणारी फांदी फक्त २०२३ पर्यंतच्या अडॅप्टरमध्ये होती. उपयोगाची भर म्हणजे, २०२६ पासून ॲड-इनच्या मॅनिफेस्टमध्ये (रेव्हिटला ॲड-इनची ओळख देणाऱ्या फाइलमध्ये) सांगून आपल्या डीएलएल स्वतंत्र कॉन्टेक्स्टमध्ये लोड करून घेता येतात. आधी जेसनची एकच लायब्ररी दोन ॲड-इन वेगवेगळ्या आवृत्तींत घेऊन आले तर जे आधी लोड झालं त्याचं चाले आणि दुसऱ्याचं फसे.

२०२१ सोडायचा निर्णय झाला: इन्स्टॉलर त्या फोल्डरात आधीच्या रिलीजची डीएलएल ठेवतो, तिला हात लावत नाही, आणि अडॅप्टरमधली डिस्प्लेयुनिटटाइप या जुन्या एनमची फांदी कापली गेली. जुना स्कीमा लिहिणं कधी थांबवायचं यावर एकमत झालेलं नाही. एक जण म्हणतो २०२४ सोडू तेव्हा. दुसऱ्याच्या मते तेव्हा लिहिणं थांबवता येईल, वाचणं नाही. अर्धवट पडलेला २०२३ चा एखादा प्रकल्प कोणीतरी उकरून काढून थेट नव्या रेव्हिटमध्ये उघडेल, आणि त्या फाइलमध्ये जुना हॅश असेल. त्याचं म्हणणं खोडून काढणं अवघड आहे, म्हणून जुना हॅश वाचणारी फाइल गाभ्यात राहिली आहे आणि तिच्या टेस्ट दोन्ही रनटाइमवर चालू आहेत.